खान्देशातील व्यापार आणि जमीन वापराचे नियोजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील दुकानदार, अडते, फेरीवाले, शेतकरी आणि घरमालक यांना आपल्या जागेवर व्यापार करताना जे प्रश्न पडतात, ते येथे घेतले आहेत. उत्तरांचा आधार प्रामुख्याने महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 आणि डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतांश भागात लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली हा आहे. नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून प्रत्यक्ष अर्ज करण्यापूर्वी चालू तरतूद संबंधित कार्यालयातून पाहून घ्यावी.

व्यापारासाठी जमीन वापराचे नियोजन म्हणजे नेमके काय?

शहराच्या कोणत्या भागात राहायचे, कुठे कारखाने चालवायचे, कुठे शेती राखायची आणि कुठे बाजार भरू द्यायचा, हे विकास आराखड्यात ठरते. 1966 च्या अधिनियमातील कलम 22 मध्ये आराखड्याने निवासी, औद्योगिक, वाणिज्य, कृषी आणि करमणुकीच्या वापरासाठी जमिनीची वाटणी करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. महापालिका, नगरपरिषद आणि नगरपंचायत यांच्या हद्दीत हा आराखडा ती संस्थाच नियोजन प्राधिकरण म्हणून तयार करते, तर ग्रामीण भागासाठी प्रादेशिक योजना असते.

व्यवहारात मात्र व्यापाराचे नियोजन म्हणजे नकाशावर वाणिज्य विभागाचा रंग भरणे, एवढाच अर्थ अनेकदा घेतला जातो आणि तो अपुरा आहे. दुकानाचा दर्शनी भाग हे व्यापाराचे शेवटचे टोक असते. त्यामागे माल उतरवण्याची जागा, प्रतवारीचे शेड, गोदाम, हमालांची सावली, ट्रक उभे करण्याचा तळ आणि लोटगाड्यांची वाट एवढे सगळे असते. यांपैकी जे आराखड्यात दाखवले जात नाही ते शेवटी रस्त्यावर येते, आणि नंतर त्यालाच अतिक्रमण म्हटले जाते. या पानावरील बहुतेक उत्तरे कोणत्या ना कोणत्या मार्गाने याच मुद्द्याशी येऊन थांबतात.

माझी जागा कोणत्या विभागात येते, हे कसे कळेल?

पालिकेच्या नगररचना विभागाकडे, किंवा ग्रामीण भागात जिल्ह्याच्या नगररचना शाखा कार्यालयाकडे, सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला (जागेचा विभाग सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्यातील त्या जागेपुरता तुकडा) मागावा. अर्जासोबत चालू सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका आणि मोजणी नकाशा जोडावा लागतो.

दोन्ही कागद एकत्र वाचणे आवश्यक आहे. दाखल्यावर ‘निवासी विभाग’ एवढेच लिहिलेले असते आणि जागामालक निश्चिंत होतो. पण भाग नकाशा उलगडल्यावर त्याच गटाच्या एका कोपऱ्यातून 18 मीटरचा प्रस्तावित रस्ता गेलेला दिसतो, किंवा मागच्या बाजूला भाजी बाजाराचे आरक्षण, म्हणजे त्या सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, दिसते. जागा विकत घेण्याआधी हे पाहिले पाहिजे. साठेखत झाल्यावर कळून फारसा उपयोग होत नाही.

निवासी विभागातील घरात दुकान काढता येते का?

काही अटींवर येते. नियमावली निवासी विभागाचे दोन भाग करते. अरुंद रस्त्यालगतच्या भूखंडांवर तळमजल्यावर किराणा, औषधे, शिवणकाम, केशकर्तनालय, पिठाची गिरणी अशा रोजच्या गरजेच्या लहान दुकानांना वाव असतो. रुंद रस्त्यालगतच्या भूखंडांवर दुकाने, कार्यालये, बँका, उपाहारगृहे अशा बऱ्याच अधिक वापरांना परवानगी मिळू शकते. या दोन भागांची सीमा रस्त्याच्या रुंदीवर ठरते आणि ती रुंदी दाट वस्ती की बाहेरचा भाग, महापालिका की नगरपरिषद, यांनुसार 9 किंवा 12 मीटर धरली जाते. त्यामुळे ‘समोरच्याला परवानगी मिळाली, मला का नाही’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा रस्त्याच्या मोजमापात सापडते.

वकील, सनदी लेखापाल, डॉक्टर यांना आपल्या राहत्या घरात मर्यादित जागेत व्यवसाय करता येतो, तो वेगळा विषय आहे. पण ओसरी मोडून शटर बसवणे, बैठकीच्या खोलीचे शोरूम करणे, मागच्या अंगणात माल साठवणे हा वापरातील बदल आहे आणि अधिनियमातील ‘विकास’ या संज्ञेत इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरातील महत्त्वाचा बदलही मोडतो. म्हणजे एक वीटही नवी रचली नसली, तरी परवानगी लागू शकते. अर्ज परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत करावा. नियमात बसणाऱ्या अर्जावर 60 दिवसांत निर्णय कळवला गेला नाही, तर परवानगी मिळाल्याचे मानण्याची तरतूद कलम 45 मध्ये आहे. मात्र ती फक्त नियमांशी तंतोतंत जुळणाऱ्या प्रस्तावालाच लागू होते, याचा विसर पडू देऊ नये.

सोसायटीतील किंवा अपार्टमेंटमधील सदनिका असेल, तर संस्थेची उपविधी आणि मूळ मंजूर नकाशा हेही पाहावे लागतात.

व्यापारी दराने घरपट्टी भरतो, गुमास्ता आहे, वीज मीटर व्यापारी आहे. मग परवानगी झालीच ना?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. मालमत्ता कर प्रत्यक्ष वापरावर आकारला जातो, तो वापर अधिकृत आहे की नाही हे त्याने ठरत नाही. अनधिकृत बांधकामावर पालिका शास्तीसह कर घेते, तरीही ते बांधकाम अधिकृत होत नाही. ज्याला आजही सगळे गुमास्ता म्हणतात ती दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 खालील नोंदणी कामगारांच्या सेवाशर्तींशी संबंधित आहे. ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर केवळ सूचना देणे पुरते. वीज जोडणीचे तर नगररचनेशी काही नातेच नाही. जागेच्या वापराला आधार फक्त मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (बांधलेली इमारत वापरण्याची परवानगी) यांचाच असतो.

महामार्गालगत आमची शेती आहे. तेथे ढाबा, हॉटेल किंवा गोदाम बांधता येईल का?

खान्देशात हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जातो तितका दुसरा क्वचितच. सुरत–नागपूर आणि मुंबई–आग्रा हे दोन मोठे महामार्ग धुळ्यात एकमेकांना भेटतात, सोलापूरकडून येणारा रस्ताही तेथेच येतो, आणि पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर ही गावे सुरत–नागपूर रस्त्यावर ओळीने आहेत. रस्ता रुंद झाला की लगतच्या शेताला दुकानाचा भाव येतो.

यासाठी तीन स्वतंत्र परवानग्या लागतात आणि एकीने दुसरीचे काम होत नाही. पहिली नगररचनेची. शेती विभागातही पेट्रोल पंप, गोदाम, शेतमाल प्रक्रिया, मंगल कार्यालय, रस्त्यालगतची हॉटेले अशा काही वापरांना रस्त्याची रुंदी, भूखंडाचे क्षेत्र आणि बांधकामाचे प्रमाण यांच्या अटींवर वाव ठेवलेला आहे. दुसरी महसूलची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 42अ ते 42ड यांची भर पडल्यापासून मंजूर आराखड्याशी जुळणाऱ्या वापरासाठी जुन्या पद्धतीची अकृषक (बिगरशेती) परवानगी बऱ्याच ठिकाणी लागत नाही, रूपांतर कर आणि अकृषक आकारणी भरण्याची पद्धत आली आहे. यात पुढेही बदल होत आहेत, म्हणून तहसील कार्यालयात आजची पद्धत विचारावी. तिसरी रस्त्याची. राष्ट्रीय महामार्गावरून आपल्या जागेत वाहन वळवण्यासाठी राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण (जमीन व वाहतूक) अधिनियम, 2002 खाली पोचरस्त्याची परवानगी घ्यावी लागते, शिवाय रस्त्याच्या मध्यापासून इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा (ज्यांच्या आत बांधकामाला बंदी किंवा मर्यादा असते) सोडाव्या लागतात.

लोक पहिल्या दोन परवानग्या घेतात आणि तिसरी राहून जाते. परिणाम आपण रोज पाहतो: दुभाजकात पाडलेली खिंडारे, उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकी आणि अंधारात रस्त्याकडेला उभे ट्रक. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दुकानांची सलग पट्टी वाढू देणे हे माझ्या मते व्यापाराचेही नुकसान आहे, कारण बाह्यवळण झाले की ग्राहक त्या रस्त्यावरून निघून जातो. जळगावला पाळधी ते तरसोद असे बाह्यवळण आखले गेले. आता त्याच्याही दोन्ही बाजूंना तशीच पट्टी वाढू द्यायची, की ठरावीक चौकांत सेवा रस्त्यासह व्यापारी केंद्रे द्यायची, हा निर्णय आराखड्यातच झाला पाहिजे.

नंदुरबार जिल्ह्यात आणि जेथे जेथे आदिवासी खातेदाराची जमीन आहे तेथे आणखी एक बाब आहे. संहितेच्या कलम 36 आणि 36अ नुसार अशी जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीकडे विक्री, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य मार्गाने देण्यावर कडक निर्बंध आहेत. ‘फक्त भाड्याने घेतली’ ही सबब तेथे चालत नाही.

केळी, कापूस, मिरची यांचा व्यापार आराखड्यात कुठे दाखवतात?

बहुतेक वेळा कुठेच स्वतंत्रपणे दाखवत नाहीत, आणि खान्देशाच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी उणीव आहे. आपल्याकडील शहरे कपड्यांच्या दुकानांवर उभी राहिलेली नाहीत. शेतमाल येथे येतो, निवडला जातो, दाबला जातो, वाळवला जातो, पिकवला जातो आणि पुढे जातो, त्या वर्दळीवर ती उभी आहेत. अमळनेरला 1945 मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि पुढे तोच उद्योग विप्रो झाला. तेल गाळण्याचा कारखाना भुईमूग पिकवणाऱ्या मुलुखात, रेल्वेच्या कडेला निघाला, हे जमीन वापराच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक होते. जळगावच्या डाळ मिल आणि गावोगावच्या जिनिंग-प्रेसिंग यांचेही तसेच आहे.

आता प्रत्येक मालाची जागेची गरज वेगळी असते. रावेर, यावल, सावदा, फैजपूर पट्ट्यातील केळी बागेतच कापून ट्रकमध्ये भरली जाते, म्हणून तिला मोठ्या बाजार-ओट्यापेक्षा शेतरस्ते, वजनकाटा, पॅकहाऊस, शीतगृह आणि केळी पिकवण्याच्या खोल्या हव्या असतात. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. निर्यातीच्या मालाला धुण्याची आणि खोक्यांत भरण्याची सोय जवळ लागते आणि ती शेती विभागातच योग्य ठरते. कापसाला आगीचा धोका असतो, म्हणून जिनिंगभोवती मोकळी जागा आणि अग्निशमन बंबाला वळता येईल असा रस्ता हवा, आणि नव्या वसाहतीचा ले-आउट तिच्या भिंतीला भिडू नये.

मिरचीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. नंदुरबारला ओली लाल मिरची बाजार समितीत विकली गेल्यावर व्यापारी ती शहराच्या कडेच्या मोकळ्या पथारींवर वाळवतात. एकरच्या एकर जमीन लाल दिसते, बायाबापड्या तोंडाला फडके बांधून ओळीने बसून देठ खुडत असतात, आणि वारा फिरला की शेजारच्या कॉलनीत खोकल्याची उबळ उठते. अवेळी पाऊस आला तर ताडपत्र्या घेऊन पळापळ होते. ही पथारी नकाशावर काय म्हणून नोंदली जाते? साधारणपणे ‘मोकळी जमीन’ म्हणून. मोकळी म्हटल्यावर तिच्यावर निवासी विभाग पडतो, भूखंड पडतात, घरे येतात, आणि काही वर्षांनी नव्या रहिवाशांची तक्रार योग्य ठरून व्यापाऱ्याला आणखी लांब जावे लागते. दोघांपैकी चूक कोणाचीच नसते. वाळवण्याचा वापर नोंदवून, वाऱ्याची दिशा पाहून, मध्ये झाडांचा पट्टा राखून त्या जमिनीला शेतमाल प्रक्रियेचा दर्जा दिला असता, तर हा तंटा उद्भवलाच नसता.

बाजार समितीबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 2016 मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला, म्हणजे तेथील विक्रीवरचे समितीचे नियंत्रण उठले. त्यामुळे घाऊक व्यवहार आवाराबाहेर, चौकांत आणि रस्त्यांच्या कडेला अधिक होऊ लागले आणि जुन्या आराखड्यांनी केवळ समितीच्या आवाराला गृहीत धरून केलेला हिशेब अपुरा पडला.

आमच्या जमिनीवर भाजी बाजाराचे किंवा व्यापारी संकुलाचे आरक्षण पडले आहे. आता काय करावे?

घाबरून जमीन कवडीमोलाने विकू नये. कलम 126 नुसार आरक्षित जमीन घेण्याचे तीन मार्ग आहेत: परस्पर संमतीने मोबदला, चटई क्षेत्र (भूखंडावर बांधता येणारे एकूण क्षेत्र) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), आणि 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे संपादन. चौथा, आणि बाजाराच्या आरक्षणाला विशेष उपयोगी असा मार्ग समावेशक आरक्षणाचा आहे. त्यात मालक स्वतः बाजार बांधून ठरलेला हिस्सा पालिकेला विनामूल्य सोपवतो आणि उरलेली जागा नियमाप्रमाणे स्वतः विकसित करतो. पालिकेकडे पैसा नसल्यामुळे वर्षानुवर्षे रखडलेली आरक्षणे या मार्गाने सुटू शकतात.

आराखडा अंतिम होऊन 10 वर्षे लोटली आणि जमीन घेतली गेली नाही, तर मालकाला कलम 127 खाली खरेदी सूचना बजावता येते. सूचना मिळाल्यापासून 24 महिन्यांत संपादन किंवा त्यासाठीचे ठोस पाऊल झाले नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. सूचनेसोबत मालकीचे पुरावे जोडले नसतील तर ती अपुरी ठरते.

मालकाचा हा हक्क पूर्णपणे न्याय्य आहे. तरीही दुसरी बाजू सांगितली पाहिजे: एक आरक्षण व्यपगत झाले की त्या उपनगरातल्या हजारो कुटुंबांचा भाजी बाजार कायमचा जातो आणि तो मुख्य रस्त्याच्या कडेला भरू लागतो.

आठवडे बाजार आणि फेरीवाले यांना कायद्यात काही स्थान आहे का?

आहे, आणि ते पुष्कळांना वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014 नुसार दर पाच वर्षांनी पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करावे लागते आणि प्रभाग किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे लागते. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विद्यमान विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात.

विक्रीची जागा ठरवताना ‘नैसर्गिक बाजार’ विचारात घ्यावा लागतो, म्हणजे जेथे ग्राहक आणि विक्रेते वर्षानुवर्षे आपणहून जमत आले आहेत ती जागा. 50 वर्षांहून जुन्या अशा बाजाराला वारसा बाजार म्हणून संरक्षण आहे. खान्देशातील किती तरी आठवडे बाजार या व्याख्येत सहज बसतील, पण त्यासाठी कोणी तरी जुन्या पावत्या, बाजार ठेक्याचे ठराव आणि वयस्क विक्रेत्यांचे जबाब गोळा केले पाहिजेत. हे काम ग्रामपंचायतीच्या किंवा पालिकेच्या जुन्या दप्तरातून होऊ शकते आणि ते ताबडतोब हाती घेण्यासारखे आहे.

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे अक्कलकुवा, धडगाव, तळोदा अशा भागांत, ग्रामबाजाराचे व्यवस्थापन 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभा आणि पंचायतीकडे दिले आहे, आणि महाराष्ट्राने त्यासाठी 2014 मध्ये नियम केले. बाजाराची जागा हलवण्याचा प्रस्ताव ग्रामसभेला डावलून पुढे नेणे तेथे योग्य नाही. होळीच्या आधी सातपुड्यात भरणारा भोंगऱ्या बाजार पाहिला की जागेचा खरा अंदाज येतो. एरवी दोनशे विक्रेत्यांना पुरणारे मैदान त्या दिवशी पाड्यापाड्यांवरून आलेल्या माणसांना, ढोलांना आणि जीपगाड्यांना पुरत नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरणाऱ्या घोडेबाजाराचेही तसेच. वर्षातून एकदाच लागणारी जमीन म्हणून ती रिकामी समजून दुसऱ्या कामाला दिली, तर बाजारच संपतो. अशा मैदानांवर ‘बाजार व यात्रा मैदान’ असे नाव घालून आरक्षण ठेवणे हाच उपाय आहे.

आखणी करताना आपल्या उन्हाचाही विचार हवा. मे महिन्यात जळगाव–भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. दुपारी बाजार ओस पडतो आणि सगळा व्यवहार सकाळी आणि दिवे लागल्यावर होतो. पत्र्याच्या बंद शेडमध्ये भाजी आणि माणूस दोन्ही कोमेजतात. उंच छप्पर, दोन्ही बाजूंनी मोकळा वारा, ओट्यांमध्ये दोन माणसे आणि एक लोटगाडी एकमेकांना ओलांडतील एवढी वाट, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि संध्याकाळचा उजेड एवढे असले तर विक्रेते आपणहून आत येतात.

पालिकेने बांधलेल्या संकुलातील गाळे रिकामे का राहतात?

कारणे बहुधा बांधणीतच असतात. दुकान रस्त्यावरून दिसत नाही, पहिल्या मजल्यावर ग्राहक चढत नाही, माल उतरवायला मागची वाट नसते, आणि लिलावातील अनामत छोट्या विक्रेत्याला परवडत नाही. मग ज्याच्यासाठी संकुल बांधले तो टपरीवाला समोरच्या पदपथावर आणि गाळा गुंतवणूकदाराकडे, असे चित्र दिसते. वरच्या मजल्यांवर सुरुवातीपासूनच कार्यालये, शिकवण्या, दवाखाने, शिंपी आणि दुरुस्तीची कामे धरून आखणी केली तर ती जागा चालते.

दुसरा भाग भाडेपट्ट्याचा. पट्ट्याची मुदत, नूतनीकरणाची पद्धत आणि भाडेवाढीचे सूत्र सुरुवातीलाच करारात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर मुदत संपल्यावर पालिका आणि गाळेधारक दोघेही वर्षानुवर्षे अडकून पडतात. जळगावमध्ये महापालिकेच्या संकुलांतील गाळ्यांचा प्रश्न असाच दीर्घकाळ गाजला. गाळा दुसऱ्याकडून घेताना मूळ करार आणि हस्तांतरणाची पालिकेची परवानगी पाहिल्याशिवाय पगडी देऊ नये.

जुन्या पेठांचे काय? रस्ता रुंदीकरणात दुकान जाणार का?

1818 नंतर कंपनीचा अंमल आला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले आणि व्यापाऱ्यांना तेथे वस्तीला बोलावले. त्या वेळच्या सरळ, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आजही वापरात आहेत. व्यापार यावा म्हणून आधी आखणी करण्याचे आपल्या भागातले हे जुने आणि ठळक उदाहरण आहे. जळगावचा सराफ बाजार आणि दाणा बाजार यांची वाढ निराळी. तेथे एकाच व्यवसायाची दुकाने शेजारी शेजारी असणे हाच बाजाराचा जीव आहे, कारण ग्राहक चार ठिकाणी भाव करतो आणि व्यापारी एकमेकांकडून माल उचलतो.

अशा पेठेत सरसकट रुंदीकरणाची रेषा ओढली की अर्ध्या दुकानांची खोलीच संपते. रेषा मंजूर असेल तर बाधित क्षेत्राचा मोबदला किंवा वाढीव चटई क्षेत्र मिळते आणि पुनर्बांधणीच्या वेळी दुकान रेषेमागे घ्यावे लागते. एरवी दुकान लगेच पाडले जाईल असे नाही. पण त्याहून चांगले पर्याय असतात. पहाटे पाच ते नऊ माल उतरवण्याची वेळ ठरवणे, पेठेच्या तोंडाशी ट्रकतळ देणे, ठोक धान्याचा अवजड भाग बाहेर हलवून किरकोळ व्यापार आत राखणे. फळीवरून पोती उतरवणारे चार हमाल आणि मागे अडकलेली शाळेची रिक्षा, ही अडचण रुंदीपेक्षा वेळेची अधिक आहे.

पार्किंगची अट लहान दुकानालाही आहे का?

नव्या बांधकामाला चटई क्षेत्राच्या प्रमाणात वाहनतळ दाखवावाच लागतो आणि शहराच्या वर्गाप्रमाणे प्रमाण बदलते. मंजूर नकाशातील पार्किंग बंद करून गाळे काढणे हा सरळ नियमभंग आहे. असा गाळा विकत घेणाऱ्याचे पैसे धोक्यात असतात.

ग्रामपंचायत हद्दीत व्यापारी बांधकामाला ग्रामपंचायतीचा दाखला पुरतो का?

सामान्यतः नाही. गावठाणाबाहेर प्रादेशिक योजना लागू असते आणि नगररचना विभागाचा अभिप्राय लागतो. संहितेच्या कलम 42ड मुळे गावठाणाच्या सीमेपासून 200 मीटरच्या आतील जमिनीला अकृषक वापराची सवलत आहे, पण बांधकामाचा नकाशा मंजूर करून घेणे त्याने सुटत नाही.

गुंठेवारीतील दुकान नियमित होते का?

गुंठेवारी म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेले भूखंड. 2001 च्या गुंठेवारी अधिनियमाची मुदत 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या भूखंडांपर्यंत वाढवली आहे. आरक्षणातील, रस्त्यातील किंवा पूररेषेतील जागा मात्र सुटत नाही.

नव्या आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले आहे. व्यापाऱ्यांनी आणि रहिवाशांनी हरकत कशी घ्यावी?

प्रारूप प्रसिद्ध झाल्यापासून हरकती आणि सूचनांसाठी 30 दिवस असतात. त्यानंतर नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. पुढे आराखडा शासनाच्या मंजुरीला जातो. एकदा मंजूर झालेल्या आराखड्याचे पुनरीक्षण 20 वर्षांत एकदा करायचे असते, म्हणजे या 30 दिवसांत जे सुटले ते एका पिढीसाठी सुटले.

सर्वांत आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा पाहावा. लोक थेट प्रस्तावित नकाशाकडे धावतात, पण बीज या पहिल्या नकाशात असते. तुमची गल्ली तेथे केवळ निवासी रंगात दाखवली आहे का? प्रतवारीचे शेड ‘पडीक’ म्हणून नोंदले आहे का? आठवडे बाजाराचे मैदान ‘शासकीय रिक्त जागा’ झाले आहे का? तसे असेल तर हरकतीचा पहिला मुद्दा तोच असावा, कारण विद्यमान वापराची नोंद चुकीची असल्याचे दाखवून दिले तर तिच्यावर उभा असलेला प्रस्तावही समितीला पुन्हा तपासावा लागतो.

हरकत लिहिताना सर्व्हे नंबर, नकाशा पत्रक आणि प्रस्तावाचा क्रमांक द्यावा. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्याने काम होत नाही. बाजार फी किंवा जागा भाड्याच्या जुन्या पावत्या, तारीख असलेली छायाचित्रे, आणि शक्य असेल तर एका बाजाराच्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत किती ट्रक, टेम्पो आणि लोटगाड्या आल्या याची साधी मोजणी जोडावी. व्यापारी संघटनेने एकच छापील मजकूर शेकडो सह्यांनी देण्यापेक्षा प्रत्येक व्यवसायाने आपली गरज वेगळी मांडलेली परिणामकारक ठरते: सराफाला सुरक्षितता हवी, धान्य व्यापाऱ्याला ट्रकची वळणत्रिज्या हवी, भाजीवालीला पाणी आणि सावली हवी. केवळ नकार न देता पर्यायी जागा नकाशावर खुणेने दाखवावी. हरकतीची पोच घ्यावी, सुनावणीच्या तारखेला स्वतः जावे आणि बोललेले मुद्दे लेखी स्वरूपात पुन्हा द्यावेत.

रहिवाशांनीही याच मुदतीत बोलावे. शेजारी गोदाम नको असेल तर त्यासाठी कुठे जागा द्यावी, हे त्यांनी सुचवणे अधिक उपयोगी आहे.

मंजूर आराखड्यात चूक राहिली असेल तर दुरुस्ती होते का?

होते. कलम 37 खाली किरकोळ फेरबदलाचा प्रस्ताव नियोजन प्राधिकरण ठराव करून मांडू शकते. त्यावरही 30 दिवसांच्या हरकती मागवल्या जातात आणि अंतिम मंजुरी शासन देते. आराखड्याचे मूळ स्वरूप बदलेल असा फेरबदल या कलमात बसत नाही. एकट्या भूखंडासाठी विभाग बदलून मागणाऱ्याला बहुधा अधिमूल्य (प्रीमियम) भरावे लागते आणि वेळही बराच जातो. त्यापेक्षा संपूर्ण पेठ, संपूर्ण बाजार किंवा सलग पट्ट्यातील सर्व खातेदारांनी मिळून, पोचरस्ता आणि वाहनतळाची जागा स्वतः दाखवून केलेला प्रस्ताव टिकण्याची शक्यता जास्त असते. अर्जाची एक प्रत जिल्ह्याच्या नगररचना शाखा कार्यालयाला देऊन ठेवावी, कारण शासनाकडे जाणारा अभिप्राय तेथूनही मागवला जातो.